राखेतला पीळ

फार पूर्वी, विहिरीचं पाणी आणि नदीवरची नाव ही दोन्ही दोराच्याच जिवावर चालायची तेव्हा, नदीकाठच्या एका गावात दोर वळणारं एक जोडपं राहत होतं. नवऱ्याचं नाव शांतवन, बायकोचं राहेल. दोघंही प्रभू येशूला मानणारी. गावात अशी पंधरा-वीस घरं होती आणि त्यांचं एक लहानसं कौलारू चर्च होतं.

दोर वळणं हे एकट्याचं काम नाही. एकानं बसून फिरकी फिरवायची. दुसऱ्यानं कमरेला वाखाचा गुंडाळा बांधायचा आणि थोडा थोडा वाख सोडत मागे मागे चालत जायचं. वाख म्हणजे घायपाताच्या पानांतला धागा. काटेरी पानं कापायची, ओढ्यात भिजत घालायची, कुजली की बडवायची, धुवायची, वाळवायची. मग कुठं पांढराशुभ्र वाख हाती येतो.

राहेल फिरकी फिरवायची आणि शांतवन मागे चालायचा. चालता चालता कधी चिंचेच्या बुंध्यावर आपटायचा, कधी शेळीवर.

"डावीकडं सरका, शेळी बसलीय," राहेल ओरडायची.

"तिलाच सांग की सरकायला. मी कामात आहे, ती रिकामी आहे."

"रिकामी कुठं? रवंथ करतेय बिचारी."

असा त्यांचा दिवस जायचा.

राहेलला एक सवय होती. भाकरी टम्म फुगली की म्हणायची, "देवाचे उपकार." वाख लांब निघाला की, "उपकार." पायात काटा मोडला तर आधी "आई गं" म्हणून चांगली कळवळायची आणि काटा निघाला की पुन्हा, "उपकार." गावातली मुलं तिला उपकारमावशीच म्हणायची. शांतवन हसायचा. "अगं, देवाला कधीतरी दुसरं काही ऐकू दे."

गावच्या नदीवर एक जाडजूड दोरखंड होता. अलीकडच्या वडापासून पलीकडच्या वडापर्यंत ताणून बांधलेला. नावाडी त्या दोराला धरूनच भरल्या नदीतून नाव पलीकडं न्यायचा. बाजार पलीकडं, वैद्य पलीकडं, सुईणही पलीकडं. तो दोर आता जागोजागी विरला होता. दसऱ्याला गावच्या पंचांनी शांतवनला बोलावलं.

"दोनशे हात लांब दोर पाहिजे. मनगटाएवढा जाड. मृगाच्या आत झाला पाहिजे. जमेल?"

"जमेल," शांतवन म्हणाला.

"नीट ऐक. ओढ्याकाठची जागा गावानं दोरवाल्याला दिलेली आहे. दोर झाला नाही तर आम्हाला दुसरा दोरवाला आणावा लागेल, आणि मग जागाही त्याचीच. राग मानू नकोस. नदी भरली आणि दोर नसला, तर चार महिने गावाला वाली नाही."

शांतवननं राग मानला नाही. बोलणं खरंच होतं.

दोघं कामाला लागली. थंडी सरली, ऊन चढलं, शेतातला गहू-हरभरा घरोघरी आला. तोवर एकशेनव्वद हात दोर वळून झाला होता. झोपडीशेजारच्या छपरात त्याची वेटोळी एकावर एक रचलेली होती. शांतवन येता-जाता त्यावर हात फिरवायचा, जसा कुणी आपल्या बैलाच्या पाठीवरून फिरवतो.

दहा हात उरले होते, आणि एका दुपारी गरम वारा सुटला. दोघं ओढ्यावर वाख धूत होती. कुठून ठिणगी उडाली कुणास ठाऊक. धूर दिसला म्हणून दोघं धावत आली, तोवर छप्पर पेटलं होतं. वाख तो वाख, कापसासारखा. माणसं बादल्या घेऊन आली, पण पाणी पडण्याआधीच सगळं आटोपलं. शेळी दावं तोडून पळाली म्हणून वाचली. झोपडीचं छत गेलं, साठवलेला वाख गेला, दोर गेला.

शांतवन आणि राहेल एकमेकांचा हात घट्ट धरून उभी होती. मग राहेल मातीत बसली आणि मोठमोठ्यानं रडली. शहाणपणाचं एक अक्षर ती बोलली नाही. कुणी "रडू नकोस" म्हटलं तरी थांबली नाही. ऊन उतरेपर्यंत रडली. मग उठली, तोंड धुतलं, शेळीला पाणी दाखवलं आणि हळूच म्हणाली,

"माणूस कुणी गेलं नाही. देवाचे उपकार."

शांतवन आयुष्यात कधी तिच्यावर ओरडला नव्हता. त्या दिवशी ओरडला.

"बस कर! कशाचे उपकार? आगीचे?"

"आगीचे कसे मानीन?" राहेल म्हणाली. "आग वाईटच. पण आगीपुढं आपण दोघं हात धरून उभं होतो ना, तेव्हा तोही आपल्यापाशी उभा होता. त्याचे मानते."

"मला नाही दिसला."

"तुम्ही जन्मभर पाठमोरं चालता. पाऊल कुठं पडणार, ते कधी दिसलंय तुम्हाला? समोर वळून झालेला दोर दिसतो. त्याच्याकडं बघत तुम्ही मागं पाऊल टाकता. तसंच करायचं."

"वळून झालेला दोर तर जळला," शांतवन म्हणाला.

राहेलनं शेळीचं तुटलेलं दावं उचललं आणि ती ते जोडू लागली.

शांतवननं मनाशी ठरवून टाकलं. मेव्हणा दूरच्या शहरात हमाली करत होता, त्याच्याकडं जायचं. दुसऱ्या दिवशी त्यानं उरलेली भांडी, दोन वाकळा आणि कोयता एका गाठोड्यात बांधला. "सोमवारी निघू," तो म्हणाला.

मध्ये रविवार आला. तो साधा रविवार नव्हता. त्या चर्चमध्ये वर्षातून एकदा, पीक घरात आलं की, हंगामाची उपकारस्तुती व्हायची. ज्यानं त्यानं आपल्या कष्टाचं पहिलं फळ देवापुढं आणून ठेवायचं आणि उभं राहून, कशाबद्दल उपकार मानतो ते सगळ्यांसमोर सांगायचं. कुणी गहू आणायचं, कुणी भोपळा, कुणी कोंबडी. शांतवन आणि राहेल दरवर्षी एक नवा कासरा न्यायची.

सकाळी राहेल जळक्या छपरात गेली. राख अजून कुणी हलवली नव्हती. दोराची वेटोळी जिथं रचली होती, तिथं ती तशीच होती, फक्त राखेची. दोर जळला होता, पण त्याचं रूप गेलं नव्हतं. तीनही पदर एकमेकांभोवती फिरलेले अगदी स्वच्छ दिसत होते. बोट लावलं असतं तर भुगा झाला असता. राहेलनं सुपाची कड जमिनीलगत सारली आणि श्वास रोखून वीतभर वेटोळं अलगद सुपात घेतलं.

"हे काय?" शांतवननं विचारलं.

"यंदाचं आपलं पीक हेच."

"देवापुढं राख नेणार? लोक हसतील."

"हसू देत. तुम्ही तेवढं वाऱ्याच्या बाजूला उभं राहू नका. तुमचं धोतर फडफडलं की उडेल."

"मी येणार नाही."

"बरं," ती म्हणाली आणि सूप पोटाशी धरून निघाली. डोक्यावर दुधाचा हंडा असावा तशी हळू, पाऊल जपून.

शांतवन घरीच बसणार होता. पण ती वळणावर दिसेनाशी झाली आणि त्याला राहवेना. देवासाठी नाही, बायकोला कुणी हसेल म्हणून तो मागोमाग गेला. आत मात्र शिरला नाही. दाराबाहेर, जिथं सगळ्यांनी वहाणा काढल्या होत्या, तिथं भिंतीला टेकून उभा राहिला.

आत उपकारस्तुती चालू झाली होती. एका म्हातारीनं सहा अंडी ठेवली. "कोंबडीला मुंगसानं धरलं होतं, सोडलं. तिनं अंडी दिली. उपकार," एवढंच बोलली आणि बसली. मग मळेवाले आप्पा उठले. गावातला सगळ्यात मोठा मळा त्यांचा. दरवर्षी सगळ्यात जास्त गहू त्यांचाच असायचा, आणि तो सगळ्यात पुढं ठेवला जाईल याकडं त्यांचं नीट लक्ष असायचं.

"यंदा तांबेऱ्यानं गव्हाचा घास घेतला," आप्पा म्हणाले. "दरसाल वीस पोती व्हायची, ती अकरा झाली. मजूर चोरटे. विहीर तळाला गेली. तरीपण आणलंय. देव बघतोच आहे." आणि ते उसासा टाकून बसले.

त्यांच्यानंतर राहेल पुढं आली. तिनं सूप टेबलावर ठेवलं. लोकांनी माना उंच करून पाहिलं. आधी कुणाला कळेना. कळलं तेव्हा मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"आमचा दोर," राहेल म्हणाली. "देवाचे उपकार."

आप्पांना राहवलं नाही. ते मोठ्यानं म्हणाले, "वा! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते आज डोळ्यांनी पाहिलं!"

आता सगळं चर्च हसलं. ही म्हण कुणाला लावतात ते सगळ्यांना ठाऊक होतं. ज्याचं सगळं बुडालं तरी ताठा सुटत नाही, त्याला. बाहेर शांतवनच्या मुठी वळल्या. आत शिरून आप्पांना काय बोलावं, याची तो मनात जुळवाजुळव करू लागला.

पण राहेल रागावली नाही. तिनं सुपाकडं पाहिलं, मग आप्पांकडं.

"आप्पा, खरं बोललात तुम्ही," ती म्हणाली. "लोक ही म्हण शिवीसारखी वापरतात. दोर वळणाऱ्याला तशी नाही वाटत. वाख रानातला, पाणी ओढ्यातलं. त्यात आमचं काय? आमचा फक्त पीळ. पीळ नसला तर दोर नाही, नुसता झुबका. आग वाख घेऊन गेली. पीळ तिला नेता आला नाही, हा बघा इथं आहे. आणि आमच्या हातात आहे. हा पीळ देवानं आमच्या हातांत घातलाय. मला परवा रडू आलं, आजही येईल. पण आज मी याचे उपकार मानायला आले."

कुणी हसलं नाही. खिडकीतून वाऱ्याची झुळूक आली आणि सुपातली राख थोडी थरथरली. चर्चचे पाळकसाहेब जागेवरून उठले, खिडकीपाशी गेले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं खिडकी लावून घेतली.

दाराबाहेर शांतवनच्या मुठी केव्हा सुटल्या, त्याचं त्यालाच कळलं नाही. आप्पांना सुनवायचं सगळं तो विसरला. तीस वर्षं उलटून गेली होती लग्नाला. ही बाई रोज त्याच्यासमोर फिरकी घेऊन बसली होती, आणि तो मागं मागं जात तिच्यापासून लांब चालला होता. आज पहिल्यांदा तो तिच्याकडं चालत निघाला. छाती अशी भरून आली होती की त्याला वाटलं, सदऱ्याचे बंद तुटतील.

तो सरळ जाऊन तिच्याशेजारी उभा राहिला. त्या चर्चमध्ये बायका एका बाजूला आणि पुरुष एका बाजूला बसायचे.

"शांतवन," अंडीवाली म्हातारी कुजबुजली, "अरे, ही बायकांची बाजू."

"ठाऊक आहे काकू. पण माझी बायको इकडं आहे ना." मग तो सगळ्यांकडं वळला. त्याला बोलायची सवय नव्हती. "आग लागल्यापासून माझ्या तोंडून उपकार हा शब्द निघाला नाही. उद्या गाव सोडून जायचं ठरवलं होतं. आता नाही जात. ही देवानं मला दिली, तिचे उपकार मानतो. बाकीचं नंतर बघू."

आता लोक पुन्हा हसले, पण ते हसणं वेगळं होतं.

घरी येऊन शांतवननं गाठोडं सोडलं आणि कोयता काढला. मग मात्र दोघांना काळजी पडली. हात होते, पीळ होता, पण वाख कुठं होता? त्यांच्याकडचं घायपात कापून झालं होतं. नवं पान वाढायला वर्ष लागलं असतं. आसपास भरपूर घायपात एकाच ठिकाणी होतं, आप्पांच्या मळ्याभोवतीच्या बांधावर. आणि आप्पा त्याला कुणाला हात लावू देत नसत.

सोमवारी दिवस उगवला तेव्हा आप्पा स्वतःच ओढ्याकाठी येऊन उभे होते. काठी इकडून तिकडं करत होते. डोळे जमिनीकडं.

"बांधावरचं घायपात फार माजलंय," ते म्हणाले. "गुरांना टोचतं. कुणीतरी कापून नेलं तर बरं होईल. तुम्ही नेलंत तर माझ्यावरच उपकार होतील."

राहेल हसू दाबत म्हणाली, "उपकार देवाचे, आप्पा. तुमचे आभार."

आप्पा जायला निघाले, मग थांबले. "काल मी देवाच्या घरात हसलो," ते म्हणाले. "अकरा पोती घरात होती आणि मी रडगाणं गायलो. तुझ्याकडं राख होती. रात्रभर ते टोचत राहिलं. घायपातापेक्षा जास्त."

त्या दिवसापासून ओढ्याकाठी जी लगबग सुरू झाली, ती गावानं पूर्वी कधी पाहिली नव्हती. कुणी पानं कापायला आलं, कुणी बडवायला. जे चर्चमध्ये जात नसत तेही आले, कारण नदी सगळ्यांची होती. आप्पासुद्धा एक दिवस फिरकीवर बसले. मोठ्या जोमात त्यांनी घटकाभर फिरवली. शांतवन मागं जात जात थांबला आणि सुटलेल्या वाखाकडं बघत राहिला.

"आप्पा, उलटी फिरवताय. मी वळतोय आणि तुम्ही उसवताय!"

"अरे, मग सांगायचं नाही का?"

"मला वाटलं, मोठी माणसं अशीच फिरवत असतील."

आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि राहेलनं पाणी आणून दिलं.

शांतवन रोज मागं चालत होता. सहा महिन्यांचं काम दोन महिन्यांत करायचं होतं. तळव्यांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. एखाद्या दिवशी पीळ सैल पडायचा आणि वीस हात दोर पुन्हा सोडावा लागायचा. तेव्हा तो वैतागून वाख फेकून द्यायचा, चिंचेखाली जाऊन बसायचा आणि थोड्या वेळानं आपणच उठून यायचा. राहेल तोवर फिरकी धरून बसून राहायची.

मृगाला तीन दिवस असताना दोनशे हात पुरे झाले.

दोर नदीवर चढवला त्याच आठवड्यात वरच्या डोंगरात पाऊस झाला आणि नदी तांबडी होऊन दुथडी भरून आली. सगळं गाव घाटावर जमलं. पहिल्या फेरीला कोण बसणार? आप्पांच्या सुनेचे दिवस भरले होते. तिला पलीकडं सुईणीकडं न्यायचं होतं. आप्पांनी सुनेला हात देऊन नावेत बसवलं आणि स्वतः तिच्याशेजारी बसले.

नाव निघाली. मधल्या धारेला लागली तशी पाण्यानं तिला खाली ओढलं. दोर धनुष्यासारखा वाकला. त्यातून पाणी पिळून बाहेर येताना काठावरच्या माणसांना दिसत होतं. नावाडी दोन्ही हातांनी दोराला लोंबकळला. शांतवन वडाच्या बुंध्याजवळच्या गाठीवर हात ठेवून उभा होता. त्याला तळव्याखाली दोराचा प्रत्येक पदर ताणलेला कळत होता. एकही सुटला नाही.

नाव हळूहळू वर आली, सरळ झाली आणि पलीकडच्या काठाला लागली. सूनबाई उतरली. पलीकडं बाजाराला आलेले परगावचे लोक हा सगळा प्रकार बघत होते. त्यांच्यातला एक जण तोंडाभोवती हात धरून ओरडला,

"दोर कुणी वळला हो?"

त्या काळी नवरा बायकोचं नाव चारचौघांत घेत नसे. घ्यायचं झालं तर लाजत, उखाण्यात घ्यायचं. पंच म्हणाले, "सांग शांतवन, तुझं नाव सांग." नावाडीही पलीकडून ओरडला, "सांगा दादा!"

शांतवन पाण्याच्या कडेला गेला. हळू बोलणारा माणूस तो. पण त्या दिवशी छाती फुगवून, नदीच्या आवाजावर आवाज चढवून ओरडला,

"राहेलनं! माझ्या बायकोनं! राहेलनं!"

घाटावरच्या बायकांनी तोंडाला पदर लावला. राहेल लाजून चूर झाली. "अहो, हळू! सगळं गाव ऐकतंय."

"हळू कशाला?" शांतवन म्हणाला. "पलीकडं ऐकू गेलं पाहिजे." आणि त्यानं पुन्हा एकदा, पहिल्यापेक्षा मोठ्यानं, तिचं नाव घेतलं.

तात्पर्य: दुःख आलं तर पोटभर रडावं, मग जे उरलंय ते देवापुढं ठेवून त्याचे उपकार मानावेत. आणि ज्याला हे जमतं, असं माणूस आपल्या घरात असेल, तर त्याचं नाव मोठ्यानं घ्यावं.